डेटा सेंटरच्या डिझाइनमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरचे नेमके काम काय असते?

प्रश्नकर्त्याने मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आहे, कार्यालये आणि हॉटेले यांच्या वातानुकूलनाच्या डिझाइनचा चार वर्षांचा अनुभव त्याच्या गाठीशी आहे आणि आता डेटा सेंटरचे डिझाइन करणाऱ्या एका सल्लागार संस्थेने त्याला नोकरी देऊ केली आहे. हे काम म्हणजे मोठ्या प्रमाणावरचे एसीचेच काम आहे का, त्यासाठी नव्याने काय शिकावे लागेल, आणि एकाच प्रकारच्या इमारतींत अडकून पडण्याची भीती कितपत खरी आहे, असे त्याचे तीन प्रश्न आहेत. या क्षेत्रात मी अठरा वर्षे काम करत आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट कळले की उरलेल्या दोहोंचा बराचसा उलगडा आपोआप होतो, म्हणून त्यावरच मी अधिक लिहिणार आहे.

ज्या हीट लोडच्या, म्हणजे किती उष्णता बाहेर काढायची याच्या, गणितात तुमची चार वर्षे गेली, ते येथे जवळजवळ एका ओळीत संपते. सर्व्हरमध्ये जितकी वीज जाते तितकीच उष्णता बाहेर पडते. १ किलोवॅट वीज म्हणजे १ किलोवॅट उष्णता. खिडक्या नसतात, माणसे मोजकी असतात, भिंतीतून येणारे ऊन एकूण भाराच्या तुलनेत नगण्य असते. १ मेगावॅटचा हॉल हवेने थंड करायचा आणि सर्व्हरमधून जाताना हवा १२ अंशांनी तापते असे धरले, तर सेकंदाला साधारण ६९ घनमीटर हवा फिरवावी लागते. तीच उष्णता पाण्याने वाहून न्यायची आणि पाण्याचे तापमान १० अंशांनी वाढू द्यायचे, तर सेकंदाला २४ लिटर पाणी पुरते. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे करता येईल, आणि एवढ्यासाठी कोणी अनुभवी माणसाला पगार देत नाही.

कार्यालयाच्या इमारतीत चिलर, म्हणजे वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारे यंत्र, बंद पडला तर लोक कुरकुर करतात, खिडक्या उघडतात आणि तंत्रज्ञ येईपर्यंत वाट पाहतात. डेटा हॉलमध्ये काय होते, ते पाहा. ५०० चौरस मीटरचा, ४ मीटर उंचीचा हॉल घेतला तर त्यात २,००० घनमीटर, म्हणजे सुमारे २,४०० किलो हवा असते. १ मेगावॅटची सगळी उष्णता त्या हवेतच साठत गेली, तर तापमान मिनिटाला जवळजवळ २५ अंशांनी चढेल. प्रत्यक्षात रॅकचे, म्हणजे सर्व्हर बसवलेल्या कपाटांचे, लोखंड, काँक्रीट आणि खुद्द सर्व्हर बरीच उष्णता शोषून घेतात, त्यामुळे वाढीचा वेग याच्या काही अंशानेच असतो. तरीही हिशेब मिनिटांचाच राहतो, तासांचा होत नाही. त्यामुळे ‘शीतकरणाची क्षमता किती टन लागेल’ हा प्रश्न येथे पहिल्या आठवड्यात सुटतो आणि ‘हे बंद पडले तर किती मिनिटे हातात आहेत’ हा प्रश्न प्रकल्प संपेपर्यंत पाठ सोडत नाही.

वीजपुरवठा खंडित होण्याचा साधा प्रसंग घ्या. सर्व्हर यूपीएसवर असल्यामुळे त्यांना काहीच कळत नाही आणि ते पूर्वीइतकीच उष्णता ओकत राहतात. जनरेटर १० ते १५ सेकंदांत भार घेतो. मात्र थांबलेला चिलर वीज परत येताच त्याच क्षणी थंड पाणी देऊ लागत नाही. त्याचे कंट्रोल पॅनेल जागे होते, पाण्याचा प्रवाह तपासला जातो, तेलाचा दाब तपासला जातो, मग कॉम्प्रेसर सुरू होऊन हळूहळू भार घेतो, आणि यंत्राच्या प्रकारानुसार यात एक-दोन मिनिटांपासून पाच-सहा मिनिटांपर्यंत वेळ जातो. ही मधली पोकळी बफर टँकने भरून काढतात. सेकंदाला २४ लिटर या हिशेबाने ५ मिनिटांसाठी ७,२०० लिटर थंड पाणी साठवावे लागते. पण टँकमध्ये परत येणारे गरम पाणी थंड पाण्यात मिसळले तर त्यातले निम्मे पाणी कामाचे राहत नाही, म्हणून पाणी संथपणे पसरवणारे आतील डिफ्यूझर, टँकची उंची आणि पाण्याचा वेग यांना टँकच्या आकाराइतकेच महत्त्व आहे. शिवाय हे साठवलेले पाणी फिरवणारे पंप आणि हॉलमधील पंखे यूपीएसवर नसतील, तर टँक भरलेला असूनही हॉल तापतो.

शेवटच्या वाक्यामागे माझी स्वतःची चूक आहे. एका प्रकल्पात मी पंप यूपीएसवर घेतले होते, पंखे घेतले होते, टँकचा हिशेब तीनदा तपासला होता. अंतिम चाचणीच्या दिवशी सर्व्हरच्या जागी लोड बँक लावून, म्हणजे नुसती उष्णता निर्माण करणारे हीटर लावून, बाहेरची वीज तोडण्यात आली. जनरेटर बाराव्या सेकंदाला आले. पंप फिरत होते. तरीही हॉलच्या तापमानाचा आलेख थेट वर निघाला, कारण टँकच्या मार्गावरील मोटराइज्ड व्हॉल्व्हचा २४ व्होल्टचा पुरवठा एका साध्या वितरण बोर्डातून दिलेला होता. वीज जाताच ते व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोराने बंद झाले आणि पंप बंद पाइपावर नुसतेच घुरघुरत राहिले. वीज परत आल्यावरही कंट्रोलर पुन्हा चालू व्हायला दोन मिनिटे लागली. पाचव्या मिनिटाला रॅकसमोरची हवा २४ वरून ३८ अंशांवर गेली होती आणि चाचणी थांबवावी लागली. दोष ना चिलरचा होता, ना पंपाचा. वीज गेल्यावर हा व्हॉल्व्ह कोणत्या स्थितीत जाईल, हा एक रकाना माझ्या यादीत नव्हता. तेव्हापासून प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक सेन्सर आणि प्रत्येक कंट्रोलर यांच्यासमोर ‘वीज कोठून’ आणि ‘वीज गेल्यावर काय’ हे दोन रकाने भरल्याशिवाय मी ड्रॉइंगवर सही करत नाही.

दुसरी मोठी गोष्ट देखभालीची. डेटा सेंटरच्या विश्वासार्हतेची प्रतवारी करणाऱ्या अपटाइम इन्स्टिट्यूटच्या वर्गीकरणात टियर ३ चा अर्थ असा, की कोणतेही यंत्र किंवा पाइपाचा कोणताही तुकडा नियोजित दुरुस्तीसाठी बाजूला काढला तरी सर्व्हरना झळ पोहोचता कामा नये. टियर ४ मध्ये अकस्मात बिघाड झाला तरी हेच अपेक्षित असते. एक चिलर जास्तीचा बसवला, म्हणजेच ‘एन प्लस वन’ केले, की झाले असे नवख्यांना वाटते. चिलर सहज मोजता येतात. अडचण पाइपांत असते. यावर मी एक जुनाट उपाय करतो आणि नवीन मंडळींकडूनही करून घेतो. पाइपिंगचा आराखडा मोठ्या कागदावर छापायचा, लाल पेन्सिल घ्यायची, एकेका व्हॉल्व्हवर बोट ठेवायचे आणि ‘हाच व्हॉल्व्ह गळतो आहे आणि बदलायचा आहे’ असे म्हणून, त्यासाठी दोन्ही बाजूंचे कोणते व्हॉल्व्ह बंद करावे लागतील आणि त्यामुळे कोणती यंत्रे पाण्यावाचून राहतील, ते रंगवत जायचे. रिंग मेनमध्ये, म्हणजे वळसा घालून परत येणाऱ्या मुख्य पाइपात, दोन शाखांच्या मध्ये एकच व्हॉल्व्ह असेल, तर तो बदलताना दोन्ही शाखा एकदम जातात, हे अशाच वेळी दिसते. संगणकावरचे त्रिमितीय मॉडेल कितीही सुंदर असले तरी ते हे आपणहून सांगत नाही. दोन ‘स्वतंत्र’ प्रणालींना पाणी भरणारे प्रेशरायझेशन युनिट एकच असणे, किंवा सगळ्या चिलरना बाहेरच्या तापमानाची खबर देणारा सेन्सर एकच असणे, असली छुपी मेख अशाच बैठकीत सापडते.

हॉलमधील हवेबद्दल थोडक्यात. सर्व्हर समोरून थंड हवा घेतात आणि मागून गरम हवा सोडतात, म्हणून रॅकच्या रांगा तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ करून मांडतात आणि गरम किंवा थंड गल्ली पत्र्याने किंवा पॉलिकार्बोनेटने बंदिस्त करतात. रॅकमधील रिकाम्या जागांवर ब्लँकिंग पॅनेल, म्हणजे त्या झाकणाऱ्या पट्ट्या, न लावल्यास मागची गरम हवा त्या फटीतून पुढे येते, आणि त्यावर उपाय म्हणून लोक पंख्यांचा वेग वाढवत बसतात. उचललेल्या फरशीखालून हवा देण्याच्या जुन्या पद्धतीतली एक गंमत मात्र सांगण्याजोगी आहे. थंड हवा सोडणाऱ्या युनिटच्या अगदी जवळच्या जाळीदार फरशीतून सर्वांत कमी हवा येते, कारण तेथे हवेचा वेग जास्त आणि स्थिर दाब कमी असतो. कधी कधी तर ती फरशी हॉलमधील हवा उलट खाली ओढते. जाळीवर कागदाचा कपटा ठेवला की तो फरशीला चिकटून बसलेला दिसतो. ग्राहकाला बर्नूलीचे समीकरण समजावण्यापेक्षा हा कपटा दाखवणे मला नेहमी सोपे गेले आहे.

ऊर्जेच्या बाबतीत तुमच्या कानावर सतत पीयूई पडेल. केंद्राला लागणारी एकूण वीज भागिले सर्व्हर आदी उपकरणांना लागणारी वीज, हे मोजमाप ‘द ग्रीन ग्रिड’ या उद्योगसंघाने २००७ मध्ये पुढे आणले आणि नंतर ते आयएसओ/आयईसी ३०१३४-२ या मानकात आले. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या पाहण्यांनुसार हा आकडा २००७ मध्ये सरासरी २.५ च्या आसपास होता आणि गेली दहा वर्षे तो १.५ ते १.७ च्या दरम्यानच रेंगाळला आहे. मेकॅनिकल इंजिनिअरच्या हातातले सर्वांत मोठे साधन म्हणजे तापमान. ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेच्या तांत्रिक समितीने २००४ मध्ये सर्व्हरच्या तोंडाशी २० ते २५ अंश सेल्सिअसची शिफारस केली होती, ती २००८ मध्ये १८ ते २७ अंशांपर्यंत रुंदावली. या दोन अंशांच्या जोरावर, आणि गल्ल्या बंदिस्त केल्यामुळे, पूर्वी ७ अंशांवर पाठवले जाणारे पाणी आज १८-२० अंशांवर पाठवता येते, आणि मग वर्षातले अनेक तास कॉम्प्रेसर बंद ठेवून बाहेरच्या हवेवरच काम भागते. पंख्यांचेही तसेच: चार पंख्यांचे काम पाच पंख्यांनी ८० टक्के वेगाने केले, तर शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे एकूण वीज ३६ टक्क्यांनी कमी होते आणि राखीव पंखाही आपसूक फिरता राहतो. येथे एक फसवी वाटही आहे. हॉलचे तापमान २७ अंशांच्या पुढे नेले की सर्व्हरच्या पोटातले छोटे पंखे जोरात फिरू लागतात; त्यांची वीज सर्व्हरच्या खात्यात मोजली जात असल्यामुळे एकूण वीजवापर वाढूनही पीयूई सुधारल्यासारखा दिसतो. म्हणून मी अहवालात नेहमी एकूण किलोवॅट-तासांचा आकडा पीयूईच्या शेजारी लिहितो.

पाण्याचा विषय आता टाळता येत नाही. कूलिंग टॉवरमधून १ मेगावॅट उष्णता बाष्पीभवनाने बाहेर टाकायची, तर दिवसाला सुमारे ३५,००० लिटर पाणी वाफ होऊन जाते आणि क्षार साठू नयेत म्हणून आणखी आठ-नऊ हजार लिटर सोडून द्यावे लागते. कोरड्या कूलरने हे पाणी वाचते, पण उन्हाळ्यात वीज जास्त लागते. यातले कोणते बरे, याचे एकच एक उत्तर नाही. ते जागेवरच्या पाण्याच्या आणि विजेच्या परिस्थितीवर ठरते, आणि ते इमारतीचा आराखडा गोठण्याआधी ठरले नाही तर पुढे सगळ्यांनाच महागात पडते.

बाहेरच्या हवामानाचा अंदाज तुम्ही आजवर ज्या पद्धतीने घेत आलात, ती येथे चालणार नाही. कार्यालयासाठी ०.४ टक्क्यांचे डिझाइन तापमान घेतले, तर वर्षातले सुमारे ३५ तास ते ओलांडले जाणे आपण गृहीत धरतो. डेटा सेंटरसाठी निदान २० वर्षांतील कमाल तापमान घ्यावे लागते, आणि त्यावर छतावरील परिस्थितीची भर घालावी लागते. शेजारीशेजारी मांडलेले चिलर एकमेकांची गरम हवा ओढतात, जनरेटर चालू असतील तर त्यांच्या रेडिएटरची हवाही त्यात मिसळते, आणि यंत्राच्या कॉइलशी येणारी हवा हवामान खात्याच्या आकड्यापेक्षा काही अंशांनी गरम असते. १९ जुलै २०२२ रोजी ब्रिटनमध्ये प्रथमच ४० अंशांवर तापमान गेले, त्या दिवशी लंडनमधील गूगलच्या आणि ओरॅकलच्या डेटा सेंटरमधील शीतकरण कोलमडून सेवा बंद पडल्या. राखीव यंत्रेही त्याच छतावर आणि त्याच हवेत उभी असतात, हे अशा दिवसाचा विचार करताना विसरून चालत नाही.

याच्या उलट टोकाची अडचण पहिल्या दिवशी येते. १० मेगावॅटची इमारत सुरू होते तेव्हा त्यात कित्येकदा काही शे किलोवॅटचेच सर्व्हर असतात आणि उरलेले भरायला वर्ष-दोन वर्षे जातात. मोठा सेंट्रिफ्यूगल चिलर इतक्या कमी भारावर सर्ज करतो, म्हणजे त्यातला वायू उलटा फिरून यंत्राला हादरे बसतात, किंवा सारखा बंद-चालू होत राहतो. म्हणून यंत्र निवडताना पूर्ण भाराच्या कार्यक्षमतेइतकाच त्याचा किमान भार पाहावा लागतो. निवडीच्या बैठकीत हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो तुम्ही विचारावा.

आता द्रवशीतकरण, ज्यामुळे गेल्या दोन-तीन वर्षांत आमचे काम सर्वांत जास्त बदलले. ही कल्पना नवी नाही. आयबीएमच्या १९८० च्या ३०८१ या मोठ्या संगणकातील चिपा पाण्यानेच थंड केल्या जात. मधली कित्येक वर्षे एका रॅकमध्ये ५ ते १० किलोवॅट भार असे, आणि हवा त्याला पुरेशी होती. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या रॅकमध्ये आता १२० किलोवॅटच्या घरात भार येतो आणि तेवढी हवा एका रॅकमधून ढकलणे शक्य नसते. म्हणून चिपेवर तांब्याची कोल्ड प्लेट बसवून तिच्यातून पाणी किंवा २५ टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉलचे मिश्रण फिरवतात. १० अंशांच्या फरकाला किलोवॅटमागे मिनिटाला साधारण दीड लिटर, म्हणजे अशा एका रॅकला पावणेदोनशे लिटरच्या आसपास प्रवाह लागतो. इमारतीचे पाणी आणि रॅकचे पाणी सीडीयू, म्हणजे रॅकना द्रव पुरवणाऱ्या युनिटमधील, हीट एक्स्चेंजरने वेगळे ठेवतात, कारण कोल्ड प्लेटमधील खोबणी केसाच्या जाडीच्या असतात आणि पाइपातला वेल्डिंगचा एखादा कणही त्यात अडकतो. त्यामुळे पाइपांचे फ्लशिंग, गाळण, कोणता धातू कोणत्या धातूला लागतो आणि पाण्यात जंतू वाढतात का, असे औषधनिर्मितीच्या कारखान्यात शोभणारे प्रश्न आता आमच्याकडे आले आहेत. वर मिनिटांचा जो हिशेब मांडला, तो येथे सेकंदांवर येतो: प्रवाह थांबला की चिपा काही सेकंदांतच स्वतःचा वेग कमी करतात किंवा बंद पडतात, म्हणून सीडीयूचे पंप यूपीएसवर असावेच लागतात आणि एका पंपावरून दुसऱ्यावर जाताना प्रवाहात खंड पडलेला चालत नाही. रॅकमधील सगळी उष्णता द्रवात जात नाही, काही भाग हवेतच राहतो, म्हणजे दोन्ही प्रणाली सांभाळाव्या लागतात. सर्व्हर चार-पाच वर्षांत बदलतात आणि इमारत वीस वर्षे उभी राहते; त्यामुळे पुढच्या पिढीचे रॅक कसे असतील हे ठाऊक नसताना पाइपांचा व्यास ठरवणे, हा सध्या या कामातला सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत रंजक भाग आहे.

शीतकरणाखेरीज डिझेलच्या टाक्या आणि साठवलेल्या इंधनाची गाळणी, जनरेटर खोलीची हवा, धुराचे पाइप, बॅटरी खोलीचे वायुवीजन, आवाजाची गणिते हेही सारे मेकॅनिकलकडेच येते. ते शिकायला वेळ लागत नाही.

आता काय शिकावे. थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स आणि सायक्रोमेट्रिक चार्ट तुम्हाला येतच असणार. त्यात हायड्रॉलिक्स अधिक पक्के करा. त्यानंतर सिंगल लाइन डायग्रॅम, म्हणजे वीज कोठून कोठे जाते ते दाखवणारा आराखडा, वाचायला शिका, कारण वर सांगितलेली माझी चूक विजेच्या ड्रॉइंगवर स्पष्ट दिसत होती आणि मी ते ड्रॉइंग उघडले नव्हते. तिसरे, कंट्रोलचा क्रम स्वतःच्या शब्दांत लिहायची सवय लावा: अमुक सेन्सर खोटे बोलू लागला तर काय, संपर्क तुटला तर व्हॉल्व्ह कोठे थांबेल. हे काम कंट्रोल कंत्राटदारावर सोपवणारे डिझाइनर मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि चाचणीच्या रात्री त्यांचे चेहरेही पाहिले आहेत. सॉफ्टवेअर कोणतेही असो, सहा महिन्यांत हातात बसते. त्याची चिंता नको.

अडकून पडण्याच्या भीतीबद्दल माझे मत असे, की ती जिथे असावी असे तुम्हाला वाटते तिथे नाही. हायड्रॉलिक्स, विश्वासार्हतेचा विचार आणि चाचणीची शिस्त रुग्णालये, औषध कारखाने, सेमीकंडक्टरचे कारखाने या सगळीकडे चालते. खरा धोका असा, की मोठे ग्राहक एकच ठरलेले डिझाइन ठिकठिकाणी बांधतात, आणि तुमच्या वाट्याला तेच ड्रॉइंग थोड्या फरकाने पुन्हापुन्हा काढण्याचे काम येऊ शकते. वेळापत्रक निर्दय असते, गोपनीयतेच्या करारामुळे केलेले काम कोणाला दाखवता येत नाही, आणि निम्मे डिझाइन झाल्यावर ग्राहक रॅकमागचा भार दुप्पट करतो. गेल्या वर्षी एका प्रकल्पात हे माझ्यावर तीन वेळा आले.

म्हणून होकार देण्यापूर्वी त्या संस्थेला एवढे विचारा, की डिझाइनर मंडळींना कमिशनिंगच्या शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे पूर्ण इमारतीची वीज तोडून घेतल्या जाणाऱ्या एकत्रित चाचणीला, पाठवले जाते का, आणि किती दिवस. ‘तो कंत्राटदाराचा भाग आहे’ असे उत्तर आले, तर पगार चांगला असला तरी मी आणखी एखादी संधी पाहीन. ‘आठवडाभर साइटवर राहावे लागेल आणि चाचण्या बहुधा रात्रीच्या असतात’ असे कोणी सांगितले, तर रुजू होण्याची तारीख ठरवून टाका.